राउंड बेलर किती टिकतो? धानपट्ट्यात भाड्याने तणस बांधू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात हार्वेस्टरने कापणी होऊ लागल्यापासून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, प्रश्न वेगळ्या रूपात समोर आला आहे. पूर्वी पुंजणे मोडून मळणी झाली की तणस खळ्यावरच साचत असे आणि त्याची गंजी रचणे हे मळणीचेच शेवटचे काम असे; हार्वेस्टर मात्र तणस बांधीतच पट्ट्यांनी टाकून पुढे निघून जातो आणि ते गोळा करायला माणसे मिळत नाहीत. त्यामुळे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत आणि नागपूर जिल्ह्याच्या रामटेक-मौदा भागात ट्रॅक्टरमागे चालणारा छोटा राउंड बेलर, म्हणजे तणस उचलून त्याचे गोल गठ्ठे बांधणारे यंत्र, घेऊन स्वतःचे आणि शेजाऱ्यांचे तणस बांधून देणारे शेतकरी दिसू लागले आहेत. यंत्र घेण्यापूर्वी प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो की हे किती वर्षे टिकेल, आणि विक्रेता त्याला दहा किंवा पंधरा असा एखादा गोल आकडा सांगून मोकळा होतो. वर्षांतले हे उत्तर जवळजवळ निरुपयोगी आहे. बेलरचे आयुष्य त्याने किती तास काम केले, किती गठ्ठे बांधले आणि कोणत्या तणसातून ते बांधले यावर ठरते. शिवाय तो एकसंध वस्तू म्हणून म्हातारा होत नाही, त्याच्या प्रत्येक भागाचे वय वेगळे असते.

आधी तास मोजायला शिकावे

अमेरिकन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल अँड बायोलॉजिकल इंजिनिअर्स या संस्थेच्या डी४९७ या मानकात शेतीयंत्रांच्या अपेक्षित आयुष्याची एक सारणी दिलेली आहे. तीत मोठ्या राउंड बेलरचे आयुष्य १,५०० तास धरले आहे आणि तेवढ्या तासांत दुरुस्तीवर होणारा एकूण खर्च यंत्राच्या नव्या किमतीच्या सुमारे ९० टक्के धरला आहे. तुलनेसाठी, त्याच सारणीत नेहमीच्या चौकोनी बेलरला २,००० तास आणि ८० टक्के दुरुस्ती दिली आहे. हे आकडे तिकडच्या मोठ्या यंत्रांचे आहेत, हे विसरता कामा नये. तरीही आपल्या छोट्या यंत्रासाठी मोजपट्टी म्हणून ते उपयोगी पडतात, कारण १,५०० तासांनंतर यंत्र कोसळते असा त्यांचा अर्थ नसून, त्या सुमारास दुरुस्ती करत राहण्यापेक्षा बदलणे परवडू लागते असा त्यांचा रोख आहे.

या मानकातील दुरुस्तीचे सूत्र नवख्या माणसाने विशेष लक्ष देऊन पाहावे असे आहे. खर्च तासांच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. पहिल्या ५०० तासांपर्यंत तो नव्या किमतीच्या साधारण १२ टक्के भरतो, १,००० तासांपर्यंत ४३ टक्क्यांवर जातो आणि १,५०० तासांना ९० टक्क्यांजवळ पोहोचतो. समजा यंत्राची किंमत ४ लाख रुपये आहे, तर पहिल्या ५०० तासांत सुमारे ५० हजार, पुढच्या ५०० तासांत सव्वा लाखाच्या आसपास आणि शेवटच्या ५०० तासांत पावणेदोन लाखांहून अधिक रक्कम सुट्या भागांत आणि मिस्त्रीच्या मजुरीत जाईल, असे हे सूत्र सांगते. पहिल्या दोन हंगामांत हातात उरलेला सगळा पैसा नफा समजून खर्च करणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या हंगामात जो धक्का बसतो, त्याचे कारण या वक्र वाढीत आहे.

छोट्या बेलरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. परदेशी मोठा बेलर तीनशे किलोचा एक गठ्ठा बांधतो, तेव्हा त्याचे मागचे दार एकदा उघडते आणि सुतळीची यंत्रणा एकदा चालते. आपल्याकडचा छोटा बेलर, ज्याचा गठ्ठा सर्वसाधारणपणे १५ ते २५ किलोंचा असतो, तेवढ्याच तणसासाठी पंधरा वेळा दार उघडतो आणि पंधरा वेळा सुतळी गुंडाळून कापतो. म्हणून दाराच्या बिजागऱ्या, खटका, हायड्रोलिक सिलिंडरचे सील, सुतळीचा हात आणि कापणारे पाते हे भाग आपल्याकडे तासांच्या मानाने फार लवकर झिजतात, तर मुख्य सांगाडा आणि गिअर बॉक्स त्या मानाने तरुण राहतात.

आपले काम कागदावर मांडावे

यंत्र घेण्यापूर्वी एका कागदावर आपला हंगाम लिहून काढावा. खरिपाच्या धानाची कापणी हलक्या वाणांपासून भारी वाणांपर्यंत ऑक्टोबर ते डिसेंबर अशी लांबते, पण एका बेलरला प्रत्यक्ष मिळणारे दिवस त्याहून बरेच कमी असतात. एखादा दिवस पावसाने जातो, एखादा हार्वेस्टरची वाट पाहण्यात. त्या दिवसांत सकाळी दहिवर इतके पडते की अकराच्या आधी तणस बांधण्याजोगे होत नाही आणि सूर्य कलला की ते पुन्हा ओल धरू लागते. अशा रीतीने रोजचे सहा तास आणि हंगामाचे ३५ दिवस धरले तर २१० तास होतात. इटियाडोह किंवा गोसीखुर्दच्या पाण्यावर उन्हाळी धान असणाऱ्या भागात मे-जूनमध्ये आणखी १५ दिवस मिळाले तर ९० तास वाढतात आणि वर्षाचा हिशेब ३०० तासांवर जातो. १,५०० तासांच्या मोजपट्टीने हे यंत्र पाच वर्षांचे झाले. तासाला ४० गठ्ठे धरले तर या पाच वर्षांत ६०,००० गठ्ठे होतात. ४ लाखांच्या किमतीचा भार प्रत्येक गठ्ठ्यावर ६ रुपये ६७ पैसे आणि ९० टक्के दुरुस्तीचा भार ६ रुपये पडतो. डिझेल, सुतळी, चालकाची मजुरी आणि कर्जाचे व्याज अजून यात धरलेलेच नाही. भाड्याचा दर ठरवताना शेजारच्या गावचा दर पाहून त्यापेक्षा एक रुपया कमी घेण्याची जी पद्धत आहे, ती या हिशेबापुढे किती टिकते ते ज्याने त्याने पाहावे.

उलट बाजूही पाहावी. एका एकराच्या तणसाला एक-दीड तास लागतो असे धरले, तर दहा एकरांच्या स्वतःच्या शेतासाठी बेलर घेणाऱ्याचे वर्षाला जेमतेम पंधरा तास होतात. असे यंत्र झिजून कधीच मरत नाही. ते गंजाने, उंदरांनी आणि वाळून तडकलेल्या रबराने मरते. अशा शेतकऱ्याने चार-पाच जणांत मिळून यंत्र घ्यावे किंवा भाड्याने काम करून घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. अनुदानाचा विचार असेल तर राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हाती येईपर्यंत यंत्र विकत घेऊ नये, आणि विक्रेत्याकडून त्या मॉडेलचा शासकीय चाचणी अहवाल मागून घ्यावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था असे अहवाल तयार करते. त्यात चाचणीच्या तासांत काय मोडले आणि कोणता भाग किती झिजला याची नोंद असते. रंगीत पत्रकापेक्षा ही दोन-चार पाने वाचणे जास्त उपयोगाचे आहे.

विदर्भाच्या पश्चिमेकडच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की गव्हांडा (गव्हाचा पेंढा) बेलरमधून चांगला बांधला जातो आणि यंत्रावर त्याचा ताणही कमी पडतो. सोयाबीनचे कुटार मात्र इतके बारीक असते की ते गठ्ठ्यात धरत नाही, आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) हे या यंत्राचे कामच नव्हे.

कोणता भाग कशाने झिजतो

धानाच्या तणसात राखेचे प्रमाण गव्हांड्यापेक्षा जास्त असते आणि त्या राखेचा मोठा हिस्सा सिलिकाचा असतो. सिलिका म्हणजे वाळूचाच घटक. त्यात बांधीतली चिकण माती वाळून तिची धूळ मिसळली की जे मिश्रण तयार होते, ते चेन, बेअरिंग आणि रोलरच्या पृष्ठभागाला सतत घासत राहते. म्हणून गव्हाच्या प्रदेशात एखाद्या यंत्राने किती हंगाम काढले हे ऐकून आपल्या यंत्राकडून तेवढीच अपेक्षा ठेवू नये.

सर्वांत आधी जातात ते पिकअपचे, म्हणजे जमिनीवरचे तणस उचलून आत घेणाऱ्या पुढच्या भागाचे, दात. ते स्प्रिंगच्या पोलादाचे असतात, वाकतात आणि सरळ होतात, पण धुऱ्यावर (बांधावर), धानाच्या उंच खुंटांत किंवा वाळलेल्या ढेकळांत पिकअप खाली दाबून चालवले तर ते पटापट तुटतात. तुटलेला दात स्वस्त आहे. तोच आत ओढला गेला आणि रोलरमध्ये अडकला तर होणारे नुकसान स्वस्त नाही. पिकअपची उंची अशी ठेवावी की दातांची टोके जमिनीला न लागता तणसाच्या थराखाली जातील. एका ओळीत दोन-तीन दात गेले की मागे तणस सुटू लागते, चालक ते उचलण्यासाठी पिकअप आणखी खाली करतो आणि उरलेले दातही घालवतो. हे चक्र पहिल्या तुटलेल्या दाताशीच थांबवावे.

त्यानंतर चेन. बेलरमधील चेन ताणली जाते असे आपण म्हणतो, पण पोलाद खरोखर ताणले जात नसून प्रत्येक दुव्यातील पिन आणि बुश झिजल्याने एकूण लांबी वाढते. ही वाढ डोळ्यांनी ओळखण्याऐवजी टेपने मोजावी. एक इंच पिचच्या (लगतच्या दोन पिनांमधील अंतराच्या) चेनचे बारा दुवे नवे असताना सुमारे ३०५ मिलिमीटर भरतात. चेन ताणून धरून तेवढेच दुवे मोजल्यावर ३११ मिलिमीटर आले तर दोन टक्के झीज झाली आहे आणि नवी चेन मागवून ठेवावी. ३१४ आले तर तीन टक्के झाली, म्हणजे आता एक दिवसही वाट पाहू नये. चेनचा पिच वेगळा असेल तर टक्केवारी तीच ठेवून हिशेब करावा. बऱ्याच ठिकाणी एक-दोन दुवे काढून चेन पुन्हा घट्ट केली जाते आणि काम भागल्यासारखे वाटते, परंतु झिजलेली चेन स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांवर नीट बसत नसल्याने ती स्प्रॉकेटही खाते. दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही एकदमच बदलावेत, कारण जुन्या स्प्रॉकेटवर चढवलेली नवी चेन अर्ध्या वयातच जुनी होते.

बेअरिंगचा शत्रू नुसती धूळ नव्हे, तर रोलरच्या टोकाशी गुंडाळले जाणारे तणस आणि सुतळीचे तुकडे आहेत. हा गुंडाळा हळूहळू घट्ट होत सीलच्या आत शिरतो, सील कापतो, ग्रीस बाहेर काढतो आणि धूळ आत घेतो. तोपर्यंत बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी रोलरची टोके आकड्याच्या सुरीने कापून मोकळी करणे हे ग्रीस भरण्याइतकेच महत्त्वाचे आहे, किंबहुना थोडे अधिकच. बेअरिंग फुटून शाफ्ट फिरत राहिला तर शाफ्टचा जर्नल (बेअरिंग बसते तो भाग) आणि बाजूच्या पत्र्याचे छिद्र दोन्ही खराब होतात, आणि मग काहीशे रुपयांच्या बेअरिंगसाठी लेथवर वेल्डिंग भरून टर्निंग करून घेण्याची वेळ येते. तीही ऐन हंगामात, जेव्हा तालुक्याच्या लेथवाल्याकडे आधीच रांग असते.

सुतळीच्या मार्गातील कड्या आणि नळ्या पोलादाच्या असल्या तरी धावत्या सुतळीने त्यांवर खाचा पडतात. खाच पडली की सुतळी अडकते, मध्येच तुटते आणि गठ्ठा अर्धवट बांधलेला बाहेर पडतो. चालकाला वाटते सुतळी हलकी आहे. तो दुसऱ्या दुकानातून आणतो आणि अडचण तशीच राहते. पात्याला धार आहे का आणि कडीत खाच आहे का, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

शिअर बोल्टबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. हा बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. तणसाचा मोठा लोंढा एकदम आत गेला, की तो तुटतो आणि गिअर बॉक्स व मुख्य शाफ्ट वाचतात. दिवसातून दोन-तीनदा बोल्ट तुटू लागला की कंटाळून गावातल्या दुकानात मिळणारा जास्त ताकदीचा बोल्ट घालण्याचा मोह होतो, आणि त्या क्षणी यंत्राचे आयुष्य अर्ध्यावर आणले असे समजायला हरकत नाही. पुस्तिकेत दिलेल्या मापाचे आणि ग्रेडचेच बोल्ट डझनाने आणून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावेत. वारंवार तुटण्याचे कारण बोल्ट नसून बहुधा ओले तणस, जाडजूड पट्टा, मर्यादेबाहेर वाढवलेली गठ्ठ्याची घनता किंवा जाम झालेले एखादे बेअरिंग असते. ते कारण शोधावे.

हंगामातील रोजचा क्रम

दहिवर सुकेपर्यंत सकाळचे जे दोन तास रिकामे जातात, ते यंत्राचे तास आहेत असे मानावे. प्रथम यंत्राभोवती एक फेरी मारून सैल नट-बोल्ट, वाकलेले दात, हायड्रोलिक पाइपची गळती आणि टायरची हवा पाहावी. नंतर पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे ग्रीस निपल मोजून ग्रीस द्यावे. निपल किती आहेत हा आकडा चालकाला पाठ असला पाहिजे, म्हणजे एखादे सुटले तर त्याच्या लक्षात येईल. पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची फिरती शक्ती बेलरला देणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस, म्हणजे वळणारे सांधे, आणि त्याची सरकणारी नळी या जागा सर्वाधिक विसरल्या जातात. ग्रीस गन भरण्यापूर्वी निपलचे तोंड फडक्याने पुसावे, नाहीतर ग्रीससोबत धूळही आपणच आत ढकलतो. सीलबंद बेअरिंगला निपल असेल तर तिथे एक-दोन दाबच द्यावेत, कारण जास्त दाबाने सील उचकटते.

चेनला तेल मात्र सकाळी देण्यापेक्षा संध्याकाळी काम थांबल्या थांबल्या द्यावे. त्या वेळी चेन गरम असते आणि तेल पिन-बुशच्या फटीत शिरते, रात्रभर तिथे मुरते. थंड चेनवर ओतलेले तेल वरच्या वर राहून धूळ धरते. काळे झालेले इंजिन ऑइल वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात आणि चार पैशांच्या बचतीसाठी हजारोंची चेन त्या कणांच्या हवाली करण्यात शहाणपण नाही.

काम सुरू करण्यापूर्वी तणसाची ओल पाहावी. मूठभर तणस हातात घेऊन पिळावे. ते कडकडून तुटले तर बांधायला हरकत नाही, दोरीसारखे वळले आणि हाताला गार लागले तर थांबावे. ओल २० टक्क्यांच्या वर असताना बांधलेल्या गठ्ठ्याला आतून बुरशी येते, आणि यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर ओले तणस रोलरला गुंडाळते, वजनाने जड पडते आणि प्रत्येक बेअरिंगवर जास्त भार टाकते. ग्राहक मागे उभा राहून घाई करत असताना थांबणे कठीण असते, हे मान्य आहे. पण यंत्र ग्राहकाचे नाही.

दर दोन तासांनी ट्रॅक्टर बंद करून बेअरिंगच्या जागा तपासाव्यात. हाताची पाठ जवळ नेऊनच अंदाज येतो, आणि हजार-दीड हजारात मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर अधिक बरे. एखादी जागा इतरांपेक्षा वेगळी तापलेली असेल तर ते बेअरिंग त्याच संध्याकाळी बदलावे. त्यासाठी प्रत्येक मापाचे एक-एक बेअरिंग, दोन-तीन चेन लॉक, दातांची एक जुडी, सुतळीचे पाते आणि शिअर बोल्ट हंगामापूर्वीच घेऊन ठेवावेत, कारण सुट्या भागासाठी नागपूरला माणूस पाठवणे म्हणजे कामाचा एक अख्खा दिवस घालवणे.

दिवसाच्या शेवटी गठ्ठ्यांचा काउंटर आणि ट्रॅक्टरचा तासांचा मीटर वहीत लिहावा, त्याच ओळीत कोणता भाग बदलला तेही लिहावे. ही वही दोन हंगामांनंतर कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेपेक्षा खरी ठरते, कारण तीत आपल्या मातीतील, आपल्या चालकाच्या हाताखालील यंत्राचे भाग किती गठ्ठ्यांवर जातात ते लिहिलेले असते.

चालकाचा हात

एकाच मॉडेलची दोन यंत्रे एकाच वर्षी घेतलेली असतात आणि चार वर्षांनी एक खडखडत असते, दुसरे शांत चालत असते. हा फरक बहुतेक वेळा चालकाचा असतो. बेलर मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी बनवलेला असतो. जास्त गठ्ठे काढण्याच्या नादात इंजिनचा वेग वाढवून त्या फेऱ्या ओलांडल्या तर काम तेवढेच राहते आणि धक्के वाढतात. जास्त काम हवे असेल तर तणसाचा पट्टा नीट असावा लागतो. हार्वेस्टरने विस्कटून टाकलेले तणस रेकने (तणस ओढून गोळा करणाऱ्या अवजाराने) एकसारख्या पट्ट्यात ओढून घेतले, तर पिकअपमध्ये लोंढे जात नाहीत आणि गठ्ठा दोन्ही बाजूंनी सारखा भरतो. एकाच बाजूने भरलेला शंकूसारखा गठ्ठा रोलरच्या एका टोकाच्या बेअरिंगवर सगळा भार देतो, म्हणून पट्टा अरुंद असल्यास ट्रॅक्टर थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असा ठरावीक अंतराने चालवावा.

आपल्या बांध्या लहान आणि वळणे फार. तीव्र वळणावर आणि धुरा ओलांडताना पीटीओ चालू ठेवल्यास शाफ्टचा क्रॉस वाकड्या कोनात भार घेतो आणि अशा वळणांच्या शेकड्यांनी तो संपतो. वळणावर पीटीओ बंद करणे हा दहा सेकंदांचा उशीर आहे. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना धुरा आधीच फावड्याने उतरता करून घ्यावा. बेलरच्या चाकाखालून उंच धुरा गेला की सांगाड्याला पीळ पडतो, आणि वेल्डिंगच्या सांध्यांना पहिली बारीक चीर बहुधा अशाच जागी पडते.

अडकलेले तणस काढण्याबद्दल कोणतीही सवलत नाही. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मगच हात आत. मागचे दार उघडून त्याखाली जायचे असेल तर दाराचे लॉक लावल्याशिवाय जाऊ नये, कारण हायड्रोलिक पाइप कधी सुटेल हे सांगून येत नाही. चालत्या पिकअपमधून तणसाचा एक झुबका ओढून काढणारा माणूस यंत्राच्या वेगाशी स्पर्धा करत असतो आणि त्या स्पर्धेत हात नेहमी हरतो.

आग हा बेलरच्या आयुष्याचा असा शेवट आहे की जो तासांच्या हिशेबात येत नाही. तापलेले बेअरिंग, त्याभोवती गुंडाळलेले कोरडे तणस आणि दुपारचा वारा एवढे पुरेसे असते. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा बेअरिंगभोवतीचा भुसा ब्लोअरने किंवा झाडूने काढावा, ट्रॅक्टरवर अग्निशामक सिलिंडर आणि पाण्याचा कॅन ठेवावा, आणि धूर किंवा जळका वास आला तर आतला गठ्ठा तत्काळ बाहेर टाकून, शक्य झाल्यास बेलर सोडवून, ट्रॅक्टर दूर न्यावा.

जुने यंत्र घेत असल्यास

काउंटरवर विश्वास ठेवू नये. तो बदलता येतो. सुतळीच्या कडीतील खाचांची खोली, दाराच्या बिजागरीच्या पिनमधील खेळ आणि स्प्रॉकेटच्या दातांचा आकार या तीन गोष्टी काउंटरपेक्षा प्रामाणिक असतात. प्रत्येक रोलरचे टोक पहारीने हलकेच उचलून पाहावे. गिअर बॉक्सच्या प्लगमधून थोडे तेल बोटावर घेऊन उन्हात धरावे. त्यात चांदीसारखी चमक दिसली तर आतले दात झिजत आहेत. सांगाड्यावर ताजा रंग दिसला तर त्याखाली वेल्डिंग आहे का ते बोटाने चाचपावे. रोलरचे उंचवटे घासून गुळगुळीत झाले असतील तर कोरडे तणस आत फिरतच नाही, नुसते घसरते, आणि सगळे रोलर बदलण्याचा खर्च पाहता असे यंत्र फुकट मिळाले तरी महाग पडते. हे सारे पाहून झाल्यावर किमान वीस गठ्ठे स्वतःच्या डोळ्यांसमोर बांधायला लावावेत.

हंगाम संपल्यावर, आणि यंत्र सोडण्याची वेळ

बेलर पावसाळ्यात उघड्यावर ठेवणे ही आपल्याकडची सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी सवय आहे. ओल धरून ठेवणारा भुसा रोलरच्या कोपऱ्यात राहिला तर पत्रा आतून गंजतो आणि त्याच भुशात उंदीर घर करून हायड्रोलिक पाइप कुरतडतात. शेवटचा गठ्ठा बांधला की त्याच आठवड्यात सगळा भुसा काढावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले तर पाणी बेअरिंगच्या सीलमध्ये शिरते, म्हणून हवेने साफ करणे चांगले. नंतर सर्व निपलना ग्रीस द्यावे, म्हणजे आतली ओल बाहेर येईल. चेन काढून डिझेलमध्ये धुऊन तेलात भिजवून ठेवावी, आणि रोलरच्या घासून चकचकीत झालेल्या भागांवर तेलाचा हात फिरवावा. रोलरऐवजी रबरी पट्ट्यांनी गठ्ठा फिरवणारा बेलर असेल तर ते पट्टे सैल सोडावेत. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या उन्हात टायर आणि पाइप तडकतात, त्यामुळे शेड नसली तरी निदान दाट सावली आणि ताडपत्री तरी हवी. यंत्र लाकडी ठोकळ्यांवर टेकवून चाके जमिनीपासून उचललेली ठेवल्यास टायर एका जागी दबत नाहीत.

वहीत हंगामाची दुरुस्ती आणि त्या हंगामाचे गठ्ठे यांचा भागाकार दरवर्षी करावा. दर गठ्ठ्यामागे दुरुस्तीचा खर्च जेव्हा नव्या यंत्राच्या दर गठ्ठ्यामागील किमतीच्या पुढे जातो, म्हणजे वरच्या उदाहरणात ६ रुपये ६७ पैशांच्या पुढे, आणि सलग दोन हंगाम तिथेच राहतो, तेव्हा यंत्र भाड्याच्या धंद्यातून काढण्याची वेळ आली असे धरावे. याला एक अपवाद आहे: खर्च चेन, स्प्रॉकेट आणि बेअरिंग एकदाच नवे घालण्यात गेला असेल आणि सांगाडा सरळ, गिअर बॉक्स स्वच्छ असेल, तर तो खर्च पुढच्या दोन-तीन हंगामांवर वाटून पुन्हा हिशेब करावा, बहुधा यंत्र ठेवणेच परवडते. सांगाड्याला चीर पडलेली आणि रोलर गुळगुळीत झालेले यंत्र मात्र दुरुस्त करत बसू नये. असे यंत्र वर्षाला पंधरा-वीस तास काम असणाऱ्या घरगुती शेतकऱ्याला, त्याचे सर्व दोष सांगून, हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन महिने विकावे, कारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जी किंमत येते ती जानेवारीत कोणी देत नाही.